भट्टी एक, आडनावं दोन

“‘सातशे’ काढा,” एलेना फोनवर म्हणाली. “आणि ‘राजघराणी’ पण काढा.”

मी शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये व्हिनाइल कापायच्या मशीनपाशी उभी होते. भिंतीवर चिकटवायची अक्षरं या मशीनवर कापून निघतात. ज्या वाक्यातून तिला ‘सातशे’ काढून हवं होतं ते वाक्य नुकतंच बाहेर पडलं होतं. ‘सातशे वर्षांचा वारसा, राजघराण्यांची पसंती.’ सोनेरी अक्षरं, इंग्रजीत आणि अरबीत.

“एलेना, हा मजकूर क्लायंटने अप्रूव्ह केलाय.”

“क्लायंटने माझ्या वडिलांची भट्टी पेटवली होती का?”

मी ऑपरेटरला हातानेच थांबायची खूण केली. त्याने काही न विचारता अक्षरं गुंडाळली आणि मागच्या खोक्यात टाकली. आधीचे रद्द झालेले इतिहासही त्याच खोक्यात होते.

आमची कंपनी फिट-आउटचं काम करते. इमारतीचा सांगाडा दुसरं कोणी उभं करतं, आतलं सगळं आम्ही करतो. माझं डिपार्टमेंट डिस्प्लेचं. शोकेस, त्यातले दिवे, भिंतीवरची माहिती. पुण्यात इंटिरियरचा कोर्स करून मी लग्नानंतर दुबईत आले आणि हेच काम करत राहिले. सोप्या भाषेत सांगायचं तर महाग वस्तू पडू नये, चोरीला जाऊ नये आणि आहे त्याहून महाग दिसावी, एवढं आम्ही बघतो.

या वेळी वस्तू काचेच्या होत्या. दुबईतलं एक नवं हॉटेल. लॉबीची एक अख्खी भिंत व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या एका वर्कशॉपला दिलेली. तिथल्या फुलदाण्या, दिवे, वाडगे हॉटेलने विकत घेतले होते. ते मांडायचे आणि मधोमध त्या वर्कशॉपचा इतिहास लिहायचा. वर्कशॉपचं आणि हॉटेलचं नाव मी सांगणार नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. कारण पुढे कळेलच.

एलेना त्या वर्कशॉपची मालकीण. साठीची, पांढरे केस अगदी बारीक कापलेली, आणि कामाला वाघ. हॉटेलशी करार करताना तिने एकच अट घातली होती. इतिहासाचा मजकूर तिच्या मंजुरीशिवाय लागणार नाही. हॉटेलने आमच्याशी केलेल्या करारात मात्र लिहिलं होतं की मजकूर त्यांची ब्रँड टीम ठरवेल. या दोन्ही कागदांवर आमच्या कंपनीची सही होती. ती जॉर्जसरांनी केली होती. जॉर्जसर म्हणजे माझे बॉस. मूळचे कोट्टायमचे, पण आयुष्य शारजात गेलेलं.

मी त्यांना हे दाखवलं तेव्हा ते हिंदीत म्हणाले, “मंजिरी, दोनों को खुश रखो. यही तो प्रोजेक्ट मॅनेजमेंट है.”

दुसऱ्या बाजूला होती रानिया. हॉटेलची ब्रँड हेड. बैरूतची. मजकूर तीच लिहायची. बाई हुशार, झपाटून काम करणारी, आणि तिला साधं वाक्य सहन होत नसे.

“हबीबती,” ती मला अरबीत लाडाने म्हणाली, “पाहुणा चौदा तास विमानात बसून आलाय. दमलाय. तो लॉबीत शिरतो. त्याला काय दिसलं पाहिजे? सातशे वर्षं!”

“पण रानिया, सातशे वर्षं त्या बेटाची आहेत. व्हेनिसमध्ये आगी लागतील म्हणून काचेच्या भट्ट्या तिकडे हलवल्या, तेव्हापासूनची. हे वर्कशॉप दुसऱ्या महायुद्धानंतरचं आहे.”

“बेट तेच आहे ना? काच तीच आहे ना? मग?”

मग मी एलेनाला फोन करायचा. एलेना ‘नाही’ म्हणाली की रानिया नवीन मजकूर लिहायची. त्यात ‘सातशे’च्या जागी ‘शतकानुशतके’ यायचं. एलेना तेही खोडायची. असं सुरू होतं. व्हिनाइलचे रोल संपत होते आणि आमचा परचेसवाला मला बघितलं की तोंड फिरवायचा.

घरी मी हे बोलून दाखवलं. आम्ही दुबईतल्या सिलिकॉन ओएसिस भागात राहतो. सतीश, माझा नवरा, म्हणाला की दोघींना एका मेलमध्ये घाल आणि तू बाजूला हो. युनिव्हर्सिटीत शिकणारी माझी लेक ईशा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, “आई, जस्ट राइट द ट्रुथ.”

“कोणाचं?” मी विचारलं.

तेव्हा मला वाटत होतं की खरं फार तर दोघींचं असेल. रानियाचं आणि एलेनाचं.

शेवटी मी एलेनालाच म्हटलं, “तूच सांग. पहिल्यापासून. मी लिहिते.” व्हिडिओ कॉलवर तिने सांगितलं. तिच्यामागे भट्टी दिसत होती, आणि मधूनच कोणीतरी लांब नळीच्या टोकाला लाल गोळा घेऊन मागून जायचं.

युद्ध संपलं तेव्हा तिचे वडील विशीतले होते. मोठ्या कारखान्यात काच फुंकायला शिकलेले. त्यांनी बेटाच्या कडेला बोटी ठेवायची एक रिकामी शेड घेतली आणि भट्टी पेटवली. सुरुवातीला कला वगैरे काही नव्हती. औषधाच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, जहाजाच्या दिव्यांच्या काचा. मग मिलानहून एक तरुण आर्किटेक्ट आला. त्याच्याकडे चित्रं होती. जाड, साध्या, कसलंही नक्षीकाम नसलेल्या फुलदाण्यांची. मोठ्या कारखान्यांनी त्याला हाकलून दिलं होतं. एलेनाच्या वडिलांनी ठेवून घेतलं.

त्यातून ती फुलदाणी निघाली. आत गडद लाल, बाहेर धुरकट राखाडी. या प्रकारात लाल काचेचा गोळा राखाडी काचेच्या रसात बुडवून काढतात. ऐकायला सोपं वाटतं. पण दोन काचा थंड होताना वेगवेगळ्या आकसतात, आणि मग वस्तू तडकते. कधी लगेच, कधी आठवड्याने, कपाटात ठेवलेली असताना. दोन्ही काचा सारख्या आकसतील असं मिश्रण सापडलं तरच ती टिकते. ते मिश्रण तिच्या वडिलांना सापडलं. फुलदाणी प्रदर्शनांत गेली, मासिकांत आली, आणि वर्कशॉपचं नाव झालं.

“आणि वर्कशॉपच्या नावात दोन आडनावं का आहेत?” मी विचारलं.

“एक नातेवाईक होता मदतीला,” एलेना म्हणाली. “ते लिहायची गरज नाही.”

मी तसं लिहिलं. एलेनाने एकही शब्द खोडला नाही. रानियाने कुरकुर केली, पण बोटींची शेड आणि मिलानचा तरुण तिला आवडला. “इमोशन आहे,” ती म्हणाली. लीगल, ब्रँड, हॉटेलचे जनरल मॅनेजर, सगळ्यांच्या सह्या झाल्या. काचेच्या पेट्या आधीच हमरियाला येऊन पडल्या होत्या. उद्घाटन जवळ आलं होतं. खलास, सुटलो, असं मला वाटलं.

रानियाने आनंदाच्या भरात ती गोष्ट हॉटेलच्या सोशल मीडियावर टाकली. वर लाल-राखाडी फुलदाणीचा फोटो.

दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस आली.

नोटीस व्हेनिसहून होती. पाठवणाऱ्या कंपनीच्या नावात तीच दोन आडनावं होती, फक्त उलट्या क्रमाने. मी आधी टायपिंगची चूक समजले. मग नीट वाचलं. म्हणणं असं होतं की हा इतिहास आमचा आहे. भट्टी आमच्या संस्थापकांनी पेटवली, लाल-राखाडी काचेचं मिश्रण त्यांनी शोधलं, आणि तुम्ही ते दुसऱ्याच्या नावावर लावताय. भिंत लागली तर कोर्टात भेटू. खाली वकिलाबरोबर मालकाचीही सही, मार्को.

मी एलेनाला फोन लावला. “मार्को कोण?”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “माझ्या आत्याचा मुलगा.”

तेव्हा कुठे मला सगळं कळलं. तो मदतीला असलेला नातेवाईक म्हणजे तिच्या वडिलांच्या बहिणीचा नवरा. दोन मेहुण्यांनी मिळून भट्टी काढली होती. एक काच फुंकायचा. दुसरा बॅच करायचा, म्हणजे वाळू, सोडा, रंगाची भुकटी यांचं मिश्रण. नाव झाल्यावर दोघांत बिनसलं. का, ते एलेना एक सांगते आणि मार्को दुसरं. शेवटी शेडच्या मधोमध विटांची भिंत घातली आणि दोन्हीकडे वेगळ्या भट्ट्या लागल्या. दोघांनी दोन्ही आडनावं ठेवली. मार्कोच्या वडिलांनी फक्त क्रम बदलला. दोघेही आता नाहीत, पण भिंत आहे. आणि भिंतीच्या अलीकडे-पलीकडे बसलेली ही आते-मामे भावंडं एकमेकांशी बोलत नाहीत.

सातासमुद्रापार येऊन मी कशात सापडले होते? तर भाऊबंदकीत. जमिनीच्या तुकड्याऐवजी फुलदाणी, बाकी सगळं आपल्यासारखंच.

“हे तू मला आधी का नाही सांगितलंस?” मी चिडून विचारलं.

“तुम्ही काचेचा इतिहास विचारला होता,” एलेना म्हणाली. “घरचा नाही.”

हॉटेलच्या लीगलने एका ओळीत निकाल दिला. वाद असेल तर भिंत नाही. मजकूर काढून टाका, वस्तू परत पाठवा, त्या जागी आरसा लावा. रानिया मला फोनवर ओरडली, जणू त्या विटांची भिंत मीच बांधली होती. जॉर्जसर म्हणाले, “आरसा लगा दो, बात खतम.”

आरसा लावणं मला सोपं होतं. एका दिवसाचं काम. पण तोवर एलेनाने तिची दुसरी गोष्ट सांगितली होती. काचेची भट्टी रोज पेटवायची-विझवायची नसते. ती रात्रंदिवस चालू ठेवावी लागते, फक्त ऑगस्टमध्ये सगळं बेट सुट्टी घेतं तेव्हा बंद होते. गॅस महाग झाल्यापासून दर ऑगस्टला बेटावरच्या काही भट्ट्या बंद होतात त्या पुन्हा पेटतच नाहीत. या ऑर्डरवर तिची भट्टी सप्टेंबरमध्ये पेटणार होती. वस्तू परत गेल्या आणि पैसे आले नाहीत, तर नाही. हे तिने रडून सांगितलं असतं तर मी कदाचित सांत्वन करून सोडून दिलं असतं. तिने ते हवामान सांगावं तसं सांगितलं, आणि म्हणून मला झोप लागेना.

मी मार्कोला मेल केला. उत्तर लगेच आलं. तो दुबईतच होता. एका ट्रेड फेअरमध्ये त्याचा स्टॉल होता. त्याच सुमाराला एलेना इन्स्टॉलेशनसाठी येणार होती. मी जॉर्जसरांना म्हटलं, मला एक सकाळ द्या, दोघांना समोरासमोर बसवते. ते म्हणाले, “हॉटेल में मत करना.” म्हणून मी हमरियाची मीटिंग रूम घेतली. हमरिया इतकं लांब आहे की रागावून उठलं तरी टॅक्सी सहज मिळत नाही.

मार्को आधी आला. उंच, सत्तरीकडे झुकलेला, त्या उकाड्यात जाकीट घातलेला. मग एलेना आली. तिने खुर्ची ओढली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली. नमस्कार, हॅलो, काही नाही.

“त्याला सांगा,” एलेना मला इंग्रजीत म्हणाली, “की भट्टी माझ्या वडिलांनी पेटवली.”

“तिला सांगा,” मार्को म्हणाला, “की पेटवायला लाकूड आणि पैसे माझ्या वडिलांनी आणले.”

दोघं तीन हातांवर बसलेली. दोघांनाही उत्तम ऐकू येत होतं. तरी प्रत्येक वाक्य माझ्यामार्फत जात होतं. मी पोस्टमन झाले होते. आमच्या ऑफिसबॉयने चहा आणला, दुधाचा, भरपूर साखरेचा कडक करक. दोघांनीही एकदम एकाच पद्धतीने नाक मुरडलं. तेवढं एक साम्य मला दिसलं.

मी लाल-राखाडी फुलदाणी पेटीतून काढून टेबलावर ठेवली होती. वाटलं होतं, जुनी वस्तू बघून मन पाघळेल. झालं उलटंच.

“हे मिश्रण माझ्या वडिलांचं,” मार्को म्हणाला. “तिचे वडील नुसतं फुंकायचे.”

“नुसतं?” एलेना उभी राहिली. “नुसतं? तुझ्या वडिलांची बादलीभर वाळू होती, मार्को! ती वाळू कपाटात ठेवून बघ, तिची फुलदाणी होते का!”

ती पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलली होती. पण मग दोघंही त्यांच्या बोलीत शिरली आणि मला ‘पापा’ या शब्दापलीकडे काही कळेना. आवाज चढले. काचेपलीकडे वर्कशॉपमधला कटर बंद पडला. सगळे आमच्याकडे बघत होते. माझ्या मनात आलं की आरशाची ऑर्डर आजच टाकलेली बरी. आणि खरं सांगते, मला दोघांच्याही एकेक थोबाडीत द्यावीशी वाटत होती. बापांनी भांडण केलं ते केलं. निदान त्यांनी आधी एकत्र काहीतरी घडवलं होतं. या दोघांनी आयुष्यभर नुसती भिंत सांभाळली.

एका जुन्या मिश्रणासाठी माझं प्रोजेक्ट बुडत होतं. बाहेरच्या माणसाला दिसत होतं की एक फुंकणारा आणि एक मिसळणारा, दोघं नसते तर वस्तूच झाली नसती. पण हे बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर दोघं मिळून माझ्यावर आली असती.

तेवढ्यात मार्कोचा फोन वाजला. त्याने कट केला. पुन्हा वाजला. त्याने पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो वैतागून म्हणाला, “माम्मा.” इटालियनमध्ये म्हणजे आई. त्याने व्हिडिओ कॉल घेतला आणि हळू आवाजात काहीतरी सांगू लागला, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो, असं काहीसं. पलीकडून म्हातारीचा मोठा, खणखणीत आवाज आला. पुढचं बोलणं एलेनाने मला नंतर इंग्रजीत सांगितलं, तेच लिहिते.

“कोणाशी भांडत होतास? मला ऐकू आलं.”

मार्कोने फोन टेबलाच्या कडेखाली नेला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून एलेना म्हणाली, “आत्या, मी आहे.”

फोनमध्ये काहीच ऐकू येईना. मला वाटलं नेट गेलं. मग म्हातारी म्हणाली, “एलेना? तुम्ही दोघं? एका खोलीत?”

“कामासाठी,” मार्को घाईने म्हणाला.

“मला दाखव. दोघांना एकदम दाखव.”

मार्कोने फोन वळवला. आधी नुसती एलेना दिसली. मग नुसता तो. म्हातारी म्हणत होती, एकदम, एकदम. शेवटी एलेना खुर्ची घेऊन उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि त्याच्या शेजारी बसली. तरी दोघं चौकटीत मावेनात. मार्कोने फोन लांब धरला, एलेनाने मान तिरकी केली. त्यांची डोकी जवळजवळ टेकली. नाकं अगदी सारखी होती. मी त्यांना फोन धरून देऊ का, असं विचारणार होते, पण गप्प बसले.

म्हातारी बराच वेळ बघत राहिली.

“आई,” मार्को म्हणाला, “लाल-राखाडीचं मिश्रण कोणी शोधलं? तू होतीस ना तेव्हा. हिला सांग.”

“मला काय माहीत? मी सगळ्यांसाठी रांधत होते. तुझा बाप आणि माझा भाऊ रोज घामेजून यायचे आणि जेवायला मागायचे. ज्या दिवशी ती न तडकता निघाली, त्या दिवशी दोघं ओरडत आले. कोण आधी ओरडला ते मला आठवत नाही.”

“नीट आठव.”

“मार्को, मी तुझ्या मामाच्या मयताला गेले नाही. तुझ्या बापाने जाऊ दिलं नाही. ते मला आठवतं. ते सांगू?”

एलेनाने डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले.

“जेवलात का?” म्हातारीने विचारलं.

ही दोघं जेवल्याशिवाय ती फोन ठेवणार नाही, असा रंग दिसला. मी ऑफिसबॉयला पलीकडच्या कॅफेटेरियात पिटाळलं. तो केरळी परोटे आणि चिकन करी घेऊन आला. म्हातारीने फोन फुलदाणीला टेकवून उभा करायला लावला आणि दोघांना जेवताना बघितलं. मार्कोने रस्सा जाकिटावर सांडला. एलेनाने न बोलता टिश्यूचा डबा सरकवला. मी वकिलांसमोर ठेवायची फाइल बंद केली आणि त्यांच्याबरोबर परोटा खाल्ला.

फोन बंद झाल्यावर समेट झाला, मिठ्या मारल्या, असं काही झालं नाही. एलेना परत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. पण माझ्याकडे बघून म्हणाली, “लिहा. एकेक वाक्य. दोघांनी हो म्हटलं तर ठेवायचं.”

मी लॅपटॉप उघडला. बोटींची शेड? मार्को म्हणाला, शेड नव्हती, गोदाम होतं. गेलं. मिलानचा तरुण? तो कोणाच्या ओळखीने आला यावर वाद. गेला. औषधाच्या बाटल्या? एलेनाला चालत होत्या, मार्कोला त्यात कमीपणा वाटत होता. गेल्या. मिश्रणापर्यंत तर आम्ही पोचलोच नाही. संध्याकाळ व्हायच्या आत माझ्या स्क्रीनवर तीन ओळी उरल्या.

‘युद्ध संपल्यावर मुरानो बेटावर दोन मेहुण्यांनी मिळून एक भट्टी पेटवली. पुढे त्यांचं पटलं नाही आणि भट्टीच्या मधोमध भिंत उभी राहिली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना अजून काच घडते.’

दोघांनी खाली सह्या केल्या. मार्कोने नोटीस मागे घेत असल्याचं वकिलाला माझ्यासमोर कळवलं. फुलदाणीखाली कोणाचंच नाव लावायचं नाही, असंही ठरलं.

रानियाने तीन ओळी वाचल्या आणि खाली स्क्रोल करत राहिली.

“बाकीचं कुठाय?”

“बाकीचं वादात आहे.”

“मंजिरी, ती भिंत किती मोठी आहे माहितेय ना? दोन मजली!”

“माहितेय. मीच मोजलीय.”

“लक्झरी हॉटेलच्या भिंतीवर कोणी घरचं भांडण लिहितं का? पाहुणा चेक-इन करतोय आणि समोर काय, तर त्यांचं पटलं नाही!”

“मग आरसा लावू?” मी विचारलं.

लीगलचा मेल तोवर आला होता. ‘नो ऑब्जेक्शन’. माझ्या आठवणीत लीगलचा तो एकमेव आनंदी मेल. रानियाने लॅपटॉप मिटला. “यल्ला, चला,” ती म्हणाली. “लावा. पण जनरल मॅनेजरने विचारलं तर ही तुझी आयडिया.”

आम्ही लावलं. एवढ्या मोठ्या भिंतीवर तीन ओळी म्हणजे फार मोकळी जागा राहते. ती भरायला आम्ही अक्षरं मोठी करून बघितली तर जाहिरातीचा बोर्ड वाटायला लागला. म्हणून अक्षरं लहानच ठेवली आणि भोवती काच मांडली. डावीकडे जुनी, उजवीकडे नवी. एलेना शिडीवर चढून स्वतः दिव्यांचे कोन बदलत होती. मार्को फेअर संपवून विमानतळावर जाता जाता दोन मिनिटं आला, लाल-राखाडी फुलदाणीकडे बघितलं, तिचा कोन बोटभर बदलला आणि गेला. एलेनाने शिडीवरून ते बघितलं. तिने तो परत फिरवला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मी खांबाआड उभी होते. अशा वेळी क्लायंटच्या नजरेला पडायचं नसतं. एरवी आमच्या भिंती कोणी वाचत नाही. लोक पहिली ओळ बघतात आणि कॉफीकडे वळतात. इथे लोक शेवटपर्यंत वाचत होते, कारण शेवट लगेच येत होता. एक वयस्क एमिराती गृहस्थ आपल्या मुलांबरोबर आले. त्यांनी अरबी मजकूर वाचला, मोठ्याने हसले आणि मुलांकडे वळून काहीतरी म्हणाले. मुलं मात्र हसली नाहीत. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रिसेप्शनवरची मुलगी मला सांगत होती की पाहुणे सारखं विचारतात, ही फुलदाणी भिंतीच्या कुठल्या बाजूची?

जनरल मॅनेजर खूश झाले. रानियाने त्यांना सांगितलं की ब्रँड टीमने मुद्दाम धाडसी स्टोरीटेलिंग केलंय. मी खांबाआडून ऐकलं आणि घरी गेले.

एलेनाची भट्टी सप्टेंबरमध्ये पेटली. तिने फोटो पाठवला. फोटोत कोपऱ्यात ती विटांची भिंत दिसते. ती कोणी पाडलेली नाही आणि पाडतील असं मला वाटतही नाही. एवढंच झालंय की रविवारी सकाळी एलेना आत्याकडे जाते आणि संध्याकाळी मार्को जातो. मध्ये दुपारी आत्या झोपते. एलेनाने लिहिलंय की आत्या मुद्दामच कमी झोपायला लागली आहे. दोघांपैकी एकाला उशीर होईल, एकजण लवकर येईल, याची वाट बघते.

आमच्याकडे मात्र या सगळ्याचा भलताच परिणाम झाला. जॉर्जसरांनी कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये ती भिंत टाकली आणि खाली लिहिलं, ‘मिनिमल हेरिटेज’. आता क्लायंट येऊन सांगतात, आम्हाला तशीच तीन ओळींची भिंत हवी. त्यांना वाटतं तीन ओळी म्हणजे कमी काम.

परवा रानियाचाच फोन आला. रास अल खैमाला त्यांचं नवं हॉटेल येतंय, आणि लॉबीत एका जुन्या अत्तर बनवणाऱ्या घराण्याचा इतिहास लावायचाय. साइज, बजेट, फिनिश, ती सगळं सांगत सुटली होती.

“थांब,” मी म्हटलं. “आधी एक सांग. मालकाला भावंडं किती?”

“हबीबती, त्याचा काय संबंध?”

“भावंडं, चुलत, आते, मामे, मेहुणे. सगळे मोजून कळव. मग मी कोटेशन पाठवते.”